शनिवारचा पेपर

सेनगाव,
गुरुवार, १ मार्च २००१

करुणाच्या बाबास जनकाचा प्रभूमध्ये सलाम.

तुमी तांड्यावर जाऊन अकरा दिवस झाले. निघताना आठ दिवसांत येतो म्हणले होते. तुमच्या आठ दिवसांचा नेहमीच महिना होतो, म्हणून वाट पाहणं मी कवाचंच सोडलं. पण आज लिहायचीच पाळी आली.

इकडचं ऐका. सोमवारी वस्तीतली म्हातारी वारली. पास्टर गावात न्हाई, मातीपाशी प्रार्थना मलाच करा लागली. मंगळवारी दोघं भाऊ बांधावरून भांडत दारात आले, म्हणे पास्टरीणबाई, तुमीच निवाडा करा. निवाडा करायला मी काय तहसीलदार हाय? आयुषला गालफुगी झाली, त्याला मिसळायचं न्हाई म्हणलं तरी दारात लेकरं जमतातच. चित्रांची पिशवी तुमी घेऊन गेले, मग शब्बाथ शाळेत मी कोळशानं भिंतीवर नोहाचं तारू काढलं. लेकरं म्हणली, ही तर एस.टी. हाय. हसून हसून पोट दुखलं माझं.

आता खरं ते लिहिते. करुणाचा दहावीचा गणिताचा पेपर सतरा तारखेला हाय. अन् सतराला शनिवार हाय, आपला शब्बाथ. पोरीला जानेवारीपासून ठाऊक होतं, घरात बोलली न्हाई. काल हॉल तिकीट माझ्या हाती लागलं तवा कळलं. काहून सांगितलं न्हाई म्हणलं, तर म्हणे, 'सांगितलं असतं तर बाबा न्हाई म्हणले असते, अन् मग मला अभ्यास झाला नसता.'

अहो, मिशनच्या साहेबांना भेटा, बोर्डाला अर्ज करा, काय करायचं ते करा. पण पोरगी पेपरला बसली पाहिजे. पत्र मिळताच उत्तर धाडा.

जनका

---

सिद्धेश्वर धरणाजवळचा तांडा,
रविवार, ४ मार्च २००१

प्रिय जनका,

तुला, करुणाला, आयुषला सलाम. तुझं पत्र वसरामच्या जीपने शुक्रवारी सांजच्याला आलं, तेव्हा दिवस मावळला होता. आपल्या घरचा नियम तू जाणतेस. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत पत्र फोडायचं नाही, वर्तमानपत्र उघडायचं नाही, जगाची चिंता चोवीस तास दाराबाहेर. म्हणून काल संध्याकाळी वाचलं, आणि वाचून भाकर गोड लागली नाही.

माझं इथं सकाळपासून पायाला चाक आहे. उजाडलं की सायकलवर दोन तांडे आणि एक बौद्ध वस्ती. दुपारी आजाऱ्यांची घरं. संध्याकाळी पेट्रोमॅक्स लावून सभा. दर घरी चहा पुढे येतो, दर घरी नको म्हणावं लागतं. एक आजोबा म्हणाले, 'पास्टर, चहा न्हाई, बिडी न्हाई, सुपारी न्हाई, मग तुमी जगता काहून?' धरणावरचे भोई प्रेमाने मासा देतात, तर मी आधी खवले आहेत का ते बघतो, कारण बिनखवल्याचा आपल्याला चालत नाही. ते हसतात, म्हणतात पास्टर मासा घेत नाहीत, सोयरीक पाहतात.

जनका, पेपरविषयी मन घट्ट करून लिहितो. करुणाने शनिवारी पेपरला जाऊ नये.

हरिचंद तुला आठवत असेल, गेल्या साली आपल्याकडे मुक्कामाला होता. वांगी-मिरची पिकवतो. इथला बाजार शनिवारी भरतो. माझ्या एका शब्दावर त्याने सहा महिन्यांपासून तो बाजार सोडला. रविवारी पाटी डोक्यावर घेऊन खेडोपाडी हिंडतो, अर्धा माल सुकून जातो. भाऊबंद टिंगल करतात. या शुक्रवारी तांड्यावर होळी आहे, तिथेही त्याला एकट्याला घरात बसावं लागणार. त्याच्याकडे पाहून आणखी चार घरं तयार झाली. सतरा तारखेलाच धरणात त्यांचा बाप्तिस्मा ठरला आहे, साहेब स्वतः येणार आहेत. त्याच सकाळी माझी पोरगी शाळेत पेपर लिहीत बसली, तर मी हरिचंदला तोंड कसं दाखवू? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

अर्जाचं साहेबांना विचारलं. एका मुलीसाठी बोर्ड पेपर हलवत नाही म्हणाले. ऑक्टोबरमध्ये परत बसता येतं. करुणा शहाणी आहे, तिला समजाव.

तुझा,
संतराम

---

सेनगाव,
गुरुवार, ८ मार्च २००१

करुणाच्या बाबास,

सलाम लिहायचं मन न्हाई, तरी लिहिते.

पोरीला समजाव म्हणता. काय समजावू? आठ वर्षांत तुमी आमाला पाच गावं फिरवली. पोरीनं चार शाळा बदलल्या. दर शाळेत शनिवारी गैरहजर, दर शाळेत सोमवारी हात पुढं करून छड्या खाल्ल्या. कवा तुमाला येऊन सांगितलं तिनं? मला बी न्हाई सांगितलं, तिच्या मैत्रिणीकडून कळलं. आता आणखी काय समजून घ्यावं तिनं?

ऑक्टोबर म्हणता. रामजीदादाची गोष्ट विसरले का? तो नांदेडला नर्सिंगच्या शाळेत हाय तवर करुणाला जागा मिळवून देतो म्हणला. जूनमधी दहावीचा निकाल हातात पायजे. जुलैत त्याची बदली. मग ऑक्टोबरला पास झाली काय अन् न झाली काय, आपल्याला कोण विचारतंय तिथं? माझा भाऊ बौद्ध, तुमच्या धर्माला हसतो, पण भाचीसाठी चार उंबरे झिजवून राहिला. अन् बाप?

आयुषच्या वेळी तुमी कुठं होते? मी तांड्यावर तडफडून राहिले होते, नर्स न्हाई, जीप न्हाई. आठ वर्षांची करुणा माझ्या उशाला बसून होती. भर दुपारी घामानं न्हालं होतं लेकरू. त्या दिवशी म्हणली, आई, मी नर्स होणार. तवापासून दुसरं काही बोलली न्हाई ती. हे तुमाला ठाऊक हाय, तरी तुमाला हरिचंदची वांगी दिसतात!

मला सातवीतून काढलं तवा मी रडले न्हाई. आता रोज रडून राहिले. तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार न्हाई, कवाच गेले न्हाई. म्हणून तुमचाच शब्द मागते. एक शब्द लिहा. पाया पडते.

जनका

---

सेनगाव,
रविवार, ११ मार्च २००१

प्रिय बाबा, सलाम.

माझे मराठी, हिंदी, इंग्रजीचे पेपर झाले. चांगले गेले. आयुषचे गाल उतरले. आई भांडी आदळते.

मी तुमच्याशी वाद घालायला लिहीत न्हाई. तुमी न्हाई म्हणलं तर मी जाणार न्हाई. लहानपणापासून शनिवार पाळला, मला तो आवडतो पण. त्या दिवशी तुमी घरी असले तर गोष्टी सांगता, आईला काम नसतं, सगळे एकत्र जेवतो.

फक्त एक विचारायचं होतं. शाळेतले माणिकराव सर म्हणले, तुझ्या देवाला तू नर्स झालेली आवडणार न्हाई का? मला उत्तर आलं न्हाई. तुमाला येत असेल तर कळवा.

तुमची,
करुणा

---

तांडा,
गुरुवार, १५ मार्च २००१

चि. करुणास,

तुझ्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला चार दिवस शोधून सापडलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

मंगळवारी हरिचंदची सून निता हिचं बाळंतपण आलं. सकाळी कळा सुरू झाल्या. उपकेंद्राला कुलूप. नर्स कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. जीप मिळेपर्यंत दुपारचे दोन वाजले. मी उंबऱ्याशी बसून प्रार्थना करत होतो. मिराबाई, म्हणजे हरिचंदची बायको, बाहेर आली, तिचे हात रक्ताने भरलेले, आणि माझ्यावर ओरडली, 'पास्टर, प्रार्थना बास झाली, बाई आणा कुणी! शिकलेली बाई आणा!' पोरगं जिवंत जन्मलं नाही. निता वाचली, तेवढीच मेहेरबानी.

तेव्हापासून डोळे मिटले की मला तू दिसतेस.

बाळ, शनिवारी पेपरला जा. डोकं शांत ठेवून लिही. मी इथे शनिवारी सकाळी मंडळीपुढे उभा राहून स्वतः सांगेन की माझी मुलगी आज परीक्षेला बसली आहे आणि मी तिला पाठवलं आहे. लपवाछपवी करणार नाही. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. शब्बाथ मोडल्याचं पाप लागेल ते तुला नाही. पाप माझ्या माथी. देवापुढे मी उत्तर देईन.

वसराम उद्या दुपारी सेनगावला येतोय. त्याच्या हाती ही चिठ्ठी देतो. चारपर्यंत पोचेल म्हणाला.

आईला सांग, तिच्या बापड्या नवऱ्याने शब्द लिहिला.

तुझा बाबा

---

सेनगाव,
शनिवार, १७ मार्च २००१, दिवस मावळल्यावर

अहो,

काय लिहू?

तुमचा वसराम चारला न्हाई आला. रस्त्यात जीपचा पाटा तुटला म्हणे. काल दिवस मावळला, आमी दिवा लावून गाणं म्हणलं, प्रार्थना केली, अन् मग तो दारात आला. 'पास्टरनं चिठ्ठी दिली,' म्हणला, अन् तसाच गेला. मी चिठ्ठी हातात घेतली. तुमचं अक्षर पाहिलं. अन् फळीवर बायबलाखाली ठेवून दिली.

मला वाटलं, न्हाईच लिहिलं असंल. तुमी कवा शब्द फिरवला हाय? न्हाई हे वाचायला नियम काहून मोडू? पोरीला म्हणलं, उद्या सांजच्याला वाचू. तिनं मान हलवली.

आज अकरा वाजता शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू आली. मी पदराचा बोळा तोंडात घातला.

आत्ता चिठ्ठी फोडली. वाचली. करुणा समोरच बसली होती. मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं तवा तिनं मला धरलं. सोळा वर्षांची पोर मला म्हणते, आई, उगी.

नियम तुमचा होता. पण हात माझा होता. बावीस तास चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढं होती. माझ्यासारखी करंटी आई जगात दुसरी न्हाई. वसराम उद्या सकाळी माघारी निघतोय, त्याच्यापाशीच हे देते.

जनका

---

तांडा,
सोमवार, १९ मार्च २००१

जनका,

काल दुपारी तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा राग आला तो तुझाच. एक चिठ्ठी तुला फोडता आली नाही? वैऱ्याची असती तरी फोडली असतीस! मग तासाभराने शरम वाटली. सतरा वर्षं ज्याने तुला नियम शिकवला तोच आता विचारतोय, काहून पाळलास.

शनिवारी काय झालं ते आता ऐक.

सकाळी नऊ वाजता धरणाच्या काठी सगळे जमले. चार घरची माणसं पांढरे कपडे घालून. साहेब खुर्चीवर. मी उभा राहिलो आणि सांगितलं. 'माझी मुलगी आज अकरा वाजता परीक्षेला बसेल. मी तिला बसवलं आहे.'

हरिचंद मागे बसला होता. उठला. आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं. पण हळूच म्हणाला, 'पास्टर, तुमाला सूट हाय व्हय? आमाला न्हाई का?' घराकडे गेला. थोड्या वेळाने पाटीत वांगी भरून आमच्यासमोरून बाजाराच्या वाटेला लागला. त्याच्यामागून चारही घरची माणसं गेली. पाण्यात कोणीच उतरलं नाही. मिराबाई तेवढी थांबली, माझ्या हातात गुळाच्या पाण्याचा पेला दिला आणि मग तीही गेली.

साहेब जाताना म्हणाले, वरती कळवावं लागेल. जूनमध्ये मिशनचं घर खाली करायची तयारी ठेवा. ते वाईट बोलले नाहीत. त्यांच्याही हातात फार नसावं.

मी मनाला समजावत होतो की जाऊ दे, पोरीचा पेपर तर झाला. दीड दिवस मी त्या एका गोष्टीवर जगलो. आणि मग वसरामने तुझं पत्र दिलं.

काल सांजच्याला हरिचंदच्या दारात गेलो होतो. त्याला सांगावं, पोरगी गेलीच नाही. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि माघारी फिरलो. सांगितलं असतं तर म्हणाला असता, पास्टर आता खोटं बी बोलून राहिला. पोरीचं वर्ष गेलं, हरिचंद गेला, आपलं घर गेलं, आणि आपल्या घरात शब्बाथ मात्र कोणी मोडला नाही. देव यात काय पाहतो ते मला कळेनासं झालं आहे, जनका. सभा बंद केल्या. कोणी येत नाही.

करुणा माझ्याविषयी काय म्हणते, ते लिही. चांगलं नसलं तरी लिही.

संतराम

---

सेनगाव,
बुधवार, २१ मार्च २००१

बाबा,

तुमचं पत्र आईनं मला वाचायला दिलं. मी काय म्हणते ते मीच लिहिते. आईला हे पत्र दाखवलं न्हाई.

आईवर रागावू नका. तिचा काहीच दोष न्हाई. तुमची चिठ्ठी मी शुक्रवारीच वाचली होती.

आई आयुषला जेवू घालत होती. दिवस असतानाच रांधलेला भात चुलीवर वाफत होता. मी चिठ्ठी वाफेवर धरून उघडली, वाचली, भाताच्या शितानं परत चिकटवून बायबलाखाली ठेवली. शनिवारी आईनं फोडली तेव्हा तिच्या लक्षात आलं न्हाई, ती रडत होती. शब्बाथ मोडला असेल तर तो मी तिथंच मोडला.

निताचं वाचून मला रात्रभर कसंतरी झालं. सकाळी प्रार्थना झाल्यावर मी आईला म्हणलं, आजारी मैत्रिणीला भेटून येते. हॉल तिकीट ओढणीखाली घेतलं अन् शाळेच्या फाटकापर्यंत गेले. सगळी पोरं आत चालली होती. माणिकराव सर पायरीवरून ओरडले, 'करुणा, काय उभी राहिली? चल, बाळ, पळ!' मी एक पाय आत टाकला होता, बाबा. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. सर फाटकापर्यंत आले, माझा हात धरला. मी सोडवून घेतला. मग शिपायानं फाटक लावलं.

आई रोज कपाळ बडवून घेते. मला तिला सांगवत न्हाई. तुमी आल्यावर तुमी सांगा.

मी का गेले न्हाई ते लिहिते. तुमाला वाटेल मी मोठी भक्त. मी न्हाई. मला तुमचा राग आला होता. तुमी जर लिहिलं असतं, 'करुणा, यात पाप न्हाई, जा,' तर मी पळत गेले असते. तुमी तसं लिहिलं न्हाई, कारण तुमाला तसं वाटतच न्हाई. तुमी लिहिलं, पाप माझ्या माथी. बाबा, तुमच्या माथ्यावर कागद ठेवून मी गणितं कशी सोडवू? प्रत्येक गणिताला मला तुमचं डोकं दिसलं असतं.

अन् तुमी तिकडं लोकांपुढं सांगून टाकाल हे माहीत असूनही मी परत फिरले. ते माझं चुकलं. हरिचंदकाकांना काय सांगायचं ते मला ठाऊक न्हाई.

आता ऑक्टोबरचा फॉर्म भरायचा आहे. टाइमटेबल नंतर येतं. गणित परत शनिवारी आलं तर? तुमी घरी या, समोर बसा, अन् पाप आहे का न्हाई तेवढं एकच सांगा. कुणाच्या माथी ते सांगू नका.

करुणा